आधी सांगा, कोन बोलून राह्यले?

सरांना फोन लावायचा म्हणजे आधी वेळ गाठावी लागे. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं फोन चालू, एरवी बंद. ती वेळ साधून फोन लागलाच तर पलीकडून "हॅलो" येत नसे. "आधी सांगा, कोन बोलून राह्यले?" असा सवाल येई. नाव सांगून भागत नसे. नाव काय, कोणीही कोणाचंही सांगतो, असं सरांचं म्हणणं. मग ते एक प्रश्न विचारत, ज्याचं उत्तर फक्त खऱ्या माणसालाच ठाऊक असेल. अमरावतीच्या ज्या इंजिनियरिंग कॉलेजात सर शिकवत, तिथल्या प्राचार्यांना त्यांनी एकदा विचारलं होतं, "काल मीटिंगमध्ये तुमच्या चष्म्याची कोनती काडी निखळली होती?" प्राचार्य भडकले. पण काम त्यांचंच अडलं होतं, म्हणून दात-ओठ खात "डावी" म्हणाले.

प्रश्न दर वेळी नवा असे. जुन्या प्रश्नाचं उत्तर शेजारी उभ्या असलेल्या कोणी ऐकून ठेवलं असेल तर? घरी त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंचीही यातून सुटका नव्हती. "परवा भाजीत काय जास्त झालं होतं?" असं सरांनी विचारलं की काकू अकोल्याहून ओरडायच्या, "तुमचं डोकं!" आणि सर समाधानानं म्हणायचे, "हाव, बोल."

सगळं कॉलेज त्यांना चक्रम म्हणे. मीही म्हणत असे. माझा स्वभाव आधीच तिखट. वडिलांचा परतवाड्यात भाजीचा ठेला, त्यामुळे लहानपणापासून मोठ्यानं आणि पटपट बोलायची सवय. आणि पीएचडीला गाठ पडली अशा माणसाशी, जो एक वाक्य बोलला की दुसरं लागेल की नाही याचा विचार करत बसे. पहिल्या महिन्यातच मी गाईड बदलायचा अर्ज लिहून ठेवला होता. तो दिला नाही, कारण इतर कोणाकडे जागा नव्हती. खरं सांगायचं तर एवढंच.

सरांचा विषय होता बिनतारी सेन्सरचं जाळं. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. साबणाच्या डबीएवढी एक डबी, आत दोन सेल. ती झाडाच्या मुळाशी पुरायची. मातीत ओल किती आहे ते ती मोजते आणि शेजारच्या डबीला बिनतारी कळवते. ती पुढच्या डबीला. असं करत निरोप विहिरीवरच्या खोलीतल्या मोठ्या डब्यापर्यंत पोचतो आणि तो डबा ठिबकचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद ठेवतो. अडचणी दोन. सेल संपले की अख्ख्या शेतातल्या डब्या उकरून काढाव्या लागतात. आणि हवेतून आलेला निरोप आपल्याच डबीचा आहे की भलत्याच कोणाचा, हे कळायला पाहिजे. सरांचं सगळं आयुष्य या दोन अडचणींत गेलं, आणि जगणंही हळूहळू त्याच वळणावर गेलं असावं.

फोन बंद का ठेवता, असं मी एकदा वैतागून विचारलं. सर म्हणाले, "बोलाले जेवढी बॅटरी जाते ना, जवळपास तेवढीच नुसतं कान देऊन बसाले जाते. कोनी बोलो न बोलो. लोकायले वाटते, आपन गप हावो म्हनजे खर्च नाई."

स्टाफ मीटिंगमध्ये ते डोळे मिटून बसत. नवीन आलेले प्राध्यापक एकमेकांना कोपरानं ढोसून हसायचे. पण सरांचं नाव निघालं की डोळे उघडत, नेमकं उत्तर येई, डोळे पुन्हा मिटत. एकदा कोणीतरी मुद्दाम त्यांचं नाव घेऊन निरर्थक प्रश्न विचारला. सर म्हणाले, "यासाठी उठवलं काहून?" त्यानंतर ती गंमत कोणी केली नाही.

प्रयोगशाळेत त्यांचा एक खण होता. त्यात लोकांनी टाकून दिलेले सेल असत. रिमोटचे, खेळण्यांचे, टॉर्चचे. सेल मेला म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मेला नाई, दमला हाये. पडू दे त्याले जरा." आठवडाभर पडून राहिलेला सेल ते भिंतीवरच्या घड्याळात घालत आणि ते घड्याळ खरोखर चालू लागे. आमच्या प्रयोगशाळेतलं घड्याळ दमलेल्या सेलांवर किती वर्षं चाललं कोण जाणे. वेळ मात्र नेहमी थोडी मागे असे, आणि आम्ही सगळे तासाला उशिरा जायचो.

राहायला ते अकोल्याला. रोज गाडीनं बडनेऱ्याला यायचं आणि तिथून कॉलेजला. अमरावतीत घर का घेत नाही, याचं उत्तर मला मे महिन्यात मिळालं. अकोल्याला बोलावून त्यांनी मला घराच्या गच्चीवर नेलं. सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर रांगेनं डब्या मांडल्या होत्या आणि काकू त्यांच्या बाजूला कुरड्या वाळवत होत्या. चप्पल घालूनही पाय ठेववत नव्हता. "अकोल्याच्या मे महिन्यात जे टिकलं ते कुठंबी टिकते," सर म्हणाले. काकू म्हणाल्या, "माह्यंच पाहून घ्या." सर हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मूळचे ते हिवरखेडचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं अखेरपर्यंत तेच राहिलं. पुण्याच्या एका परिषदेत एका मोठ्या प्राध्यापकांनी तासभर आपलं जाळं समजावून सांगितलं आणि शेवटी सरांचं मत विचारलं. सर उठले, "लय बोलते तुमचं जाळं," म्हणाले आणि बसले. सभागृहाला तो उद्धटपणा वाटला. मी शेजारी बसून शरमेनं खाली मान घातली होती. परतीच्या गाडीत त्या प्राध्यापकांचे कागद पुन्हा वाचले तेव्हा कळलं, त्यांच्या डब्या विनाकारण बोलून सेल संपवत होत्या. दोष तोच होता आणि याहून थोडक्यात तो सांगता आला नसता.

हळूहळू मला त्यांची सवय झाली. त्यांनाही माझी झाली असावी. कारण दुसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं, मी फोन केला की ते प्रश्न विचारत नाहीत. "सर, मी," म्हटलं की "हाव, बोल." प्राचार्यांना विचारत, काकूंना विचारत, मला विचारत नसत. याचा मला किती अभिमान वाटला ते आज लिहितानाही आठवतं. वडिलांना फोन करून सांगितलं. वडील म्हणाले, "मंग यात काय मोठं?" त्यांना कसं समजणार!

आता ती गोष्ट सांगते, जी सांगायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्या डब्या पुरल्या होत्या शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेत. बागेचे मालक, त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो, बोलायला फटकळ आणि जेवू घालायला तत्पर. पंधरा वर्षांची बाग त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवलेली. संत्र्याचं एक असं की आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा असेल तर थंडीत झाडाचं पाणी तोडावं लागतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, झडतात, झाड उपाशी राहतं. पुरेसा ताण बसला की मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी लदबदून जातं. पण ताण मध्येच तुटला, झाडाला अर्ध्यात पाणी मिळालं, तर फुलांऐवजी नुसती कोवळी पानं फुटतात. त्याला नवती म्हणतात. नवती आली की त्या झाडाचा तो बहार गेला.

ताण पुरा झाला हे काकाजी मूठभर माती दाबून आणि पानांकडे बघून ठरवायचे. मी म्हटलं, ओढ्याकडची अर्धी बाग माझ्या यंत्रावर द्या, माती ठरल्याइतकी वाळली की यंत्रच पाणी सोडेल. काकाजींनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "ती हुशार हाये. अन् निरोपावर खूण ठेवते. भलत्याचं ऐकनार नाई यंत्र."

खूण म्हणजे काय, तर प्रत्येक डबी आपल्या निरोपाच्या शेवटी एक गुप्त आकडा जोडते. तो दर वेळी वेगळा असतो आणि मोठ्या डब्यालाच तपासता येतो. सरांच्या फोनवरच्या प्रश्नासारखंच. पण तो आकडा काढायला आणि पाठवायला सेल खर्च होतो. माझा प्रबंध होता सेल जास्तीत जास्त टिकवण्यावर, आणि माझे आकडे काही केल्या इतरांच्या पुढे जात नव्हते. एके दुपारी मी प्रयोगशाळेत बसून खूण काढून टाकून पाहिली. सेलचं आयुष्य झटक्यात वाढलं. आलेख असा सुंदर निघाला की मी त्याच्याकडे बघतच बसले. मग स्वतःची समजूत घातली. शेंदूरजनाघाटच्या बागेत कोण येणार आहे खोटे निरोप पाठवायला? चोर संत्री चोरेल, ओलीचे आकडे कशाला चोरेल?

बागेतल्या डब्यांमधून मी खूण काढली. प्रयोगशाळेतल्या डब्यांमध्ये ठेवली, दाखवायला. सर दर सोमवारी विचारत, "खूण हाये ना?" मी म्हणे, "आहे सर." आणि ते पुढच्या गोष्टीकडे वळत.

त्या थंडीत बाग ताणावर गेली. बांधापलीकडच्या शेतात आमच्याच कॉलेजच्या खालच्या वर्गातल्या मुलींनी त्यांच्या प्रयोगाच्या डब्या लावल्या. त्यांनी प्रोग्राम माझाच घेतला होता, मीच मोठेपणानं दिला होता, आणि डब्यांचे नंबरही तेच ठेवले. माझी सात नंबरची डबी खोल काळ्या मातीत होती. सगळ्यात उशिरा वाळणारी जागा ती. तिथली माती वाळली म्हणजे सगळी बाग वाळली, असं धरून पाण्याचा निर्णय मी सात नंबरवर सोपवला होता. त्यांची सात नंबर बांधावरच्या मुरमात. हिरव्यागार बागेतून तिचा आवाज एरवी माझ्या डब्यापर्यंत आला नसता. पण ताणावरच्या झाडांची पानं झडायला लागली आणि मधला आडोसा गेला. मुरमातली सात नंबर म्हणाली, कोरडी ठणठणीत. माझ्या डब्यानं तिचं खरं मानलं. ताणाच्या ऐन मध्यावर अर्ध्या बागेला पाणी सुटलं.

काकाजी दोन दिवस लेकीकडे गेले होते. परत आले तर झाडांखाली चिखल. त्यांनी व्हॉल्व्ह हातानं बंद केला आणि मला फोन केला. "पोरी, पानी कावून सुटलं?" मी म्हटलं, बघते. नोंदी काढल्या आणि पाच मिनिटांत सगळं कळलं. एकाच वेळी दोन ठिकाणाहून बोलणारी सात नंबर.

मी गप्प बसले. थोडंसंच पाणी गेलं असेल, ताण पुन्हा बसेल, फुलं येतील, असं मनाला सांगत राहिले. सरांनी दोन सोमवारी विचारलं, "बाग कशी हाये?" दोन्ही सोमवारी मी म्हटलं, ठीक आहे. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलंही असेल.

पंधरा दिवसांनी काकाजी स्वतः एसटीनं अमरावतीला आले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन फांद्या. त्यांनी त्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. एका फांदीवर कुठं काही फुटलेलं नव्हतं, ती त्यांच्या हातावरच्या अर्ध्या बागेतली, अजून ताणावर असलेली. दुसरीवर लुसलुशीत पोपटी पानं. बघायला किती छान दिसत होती ती!

"सर, हे तुमच्या यंत्राकडची," काकाजी म्हणाले. "पोरीनं सांगतलं असनच तुमाले. म्हनून मी आजवर गप होतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. खूण, आलेख, मुरमातली सात नंबर, दोन सोमवार. बोलताना आवाज मोठा झाला होता. खोटं उघडं पडलं की मला उगाच राग येतो, तसा तेव्हाही आला होता. माझं संपल्यावर सरांनी विचारलं, "किती दिवस वाढले सेलचे?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू काही तो चांगला आकडा होता. मग ते खुर्चीतून उठले आणि काकाजींसमोर उभे राहिले.

"काकाजी, मी हिले इचारत होतो. तपासत नव्हतो. चूक माह्यी हाये."

"तुमी कायले उठता सर? यंत्र हिचं होतं."

"शब्द माह्या होता," सर म्हणाले.

काकाजींनी फडकं झटकलं, घडी करून खिशात ठेवलं. जाताना मला म्हणाले, "पानी सुटलं त्याचं काय नाई पोरी. झाड हाये, मृगाच्या बहाराले पाहू. पन फोन केला त्या दिवशी सांगतलं असतं तं?" पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं.

ते गेल्यावर सर एवढंच म्हणाले, "आता तुह्या आकड्यावर माह्यी सही होनार नाई. नव्यानं कर." मी म्हटलं, ओढ्याकडचा भाग वगळून बाकीचे आकडे वापरले तर? त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता फोन केला, "सर, मी." पलीकडून आवाज आला, "काल काकाजीचं फडकं कोन्या रंगाचं होतं?"

मी "निळं" म्हटलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं फार नाही. सर पूर्वीसारखेच वागत, फक्त माझा प्रत्येक आकडा स्वतः मोजून पाहत. खूण ठेवूनच सेल वाचवायचे होते. खूप डोकं आपटल्यावर जमलं ते असं, की मातीत काही फरक पडला नसेल तर डबीनं बोलूच नये. बोलेल तेव्हा मात्र खुणेसकट बोलावं. माझे नवे आकडे जुन्यांपेक्षा कमी भरले. तो सुंदर आलेख मी फाडून टाकला नाही. सरांनी तो प्रबंधात घालायला लावला, सोबत काय घडलं ते आणि मी काय लपवलं ते, माझ्याच शब्दांत. ते पान मी अकरा वेळा लिहिलं. सर दर वेळी परत करत. "अजून सोताले सांभाळून राह्यली तू," म्हणत.

काकाजींनी पुन्हा डब्या पुरू दिल्या, हेच मोठं. व्हॉल्व्ह मात्र यंत्राला जोडू दिला नाही. ताणाच्या दिवसांत मी परतवाड्याहून पहाटे निघून बागेत पोचायची. यंत्र काय म्हणतं ते मी सांगे, मूठ काय म्हणते ते काकाजी सांगत, आणि दोन्ही विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीवर चुन्यानं लिहीत. शेवटी काकाजींनी पाणी सोडलं तेव्हा यंत्र म्हणत होतं, अजून दोन दिवस थांबा. बहार चांगला आला. दोन दिवस थांबलो असतो तर आणखी चांगला आला असता की वाईट, ते कोणालाच माहीत नाही.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते. कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी मागच्या रांगेत काकाजी बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. पुढे दोन बाहेरचे परीक्षक, बाजूला सर, डोळे मिटून. ते अकरा वेळा लिहिलेलं पान परीक्षकांनी वाचलं होतं. त्यावर त्यांनी मला अर्धा तास चांगलं भाजून काढलं. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?"

काकाजी उभे राहिले.

"बाग माह्यी हाये," ते म्हणाले. "हिनं बुडवली ती बी, अन् हिनं पाह्यली ती बी. पुढच्या महिन्यात पुन्हा ताणावर सोडनार हावो. मले येवढंच सांगा, व्हॉल्व्ह यंत्राले जोडू का नको जोडू?"

परीक्षक जरा गोंधळले. असा प्रश्न त्यांच्या यादीत नसावा. त्यांनी सरांकडे पाहिलं. "सर, मार्गदर्शक तुम्ही. तुम्हीच सांगा."

सरांनी डोळे उघडले.

"मले काहून इचारता?" ते म्हणाले. "तिले इचारा. ती सांगीन ते खरं."

सगळे माझ्याकडे बघत होते. जोडा म्हटलं असतं तर प्रबंध यशस्वी दिसला असता. नको म्हटलं तर चार वर्षं केलं काय, असं कोणीही विचारलं असतं. मला भीती वाटत होती, आणि तरी त्या क्षणी माझ्याइतकं श्रीमंत त्या खोलीत कोणी नव्हतं.

"या वर्षी नका जोडू, काकाजी," मी म्हटलं. "त्या दोन दिवसांचं मला अजून कळलेलं नाही. आणखी एक ताण पाहू द्या."

काकाजींनी मान डोलावली. "बरं. मंग डब्या घेऊन ये," म्हणाले आणि खाली बसले. सरांनी डोळे मिटले. मला रडू फुटलं ते थांबेचना. परीक्षकांना वाटलं, मी निकालाला घाबरले. त्यांनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.